तांब्याचं छप्पर आणि हिरव्या रंगाची घाई

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच काहींनी विचारलं, की छपराचा इतिहास तो काय सांगायचा? इतिहास इमारतीचा असतो, ती बांधणाऱ्यांचा असतो, आत बसून राज्य चालवणाऱ्यांचा असतो. छपराकडे लोक बघतात ते गळायला लागल्यावर. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि म्हणूनच हा विषय घेतला. छप्पर गळायला लागलं की मग इमारतीबद्दलचे सगळे खरे प्रश्न एकदम पुढे येतात. काय वाचवायचं? कुणासाठी? आणि वाचवलं ते कशावरून ओळखायचं?

सुरुवात घरातूनच करू. आपल्याकडे जुन्या घरांत तांब्याचा हंडा असतो, घंगाळ असतं, बंब असतो. त्याच्यावर हिरवट डाग दिसला की आजी काय म्हणते? “कळंक चढलाय, घास.” मग चिंच आणि मीठ घेऊन भांडं लख्ख होईपर्यंत घासायचं. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. म्हणजे तांब्यावरचा हिरवा रंग हा आपल्या डोक्यात आळसाचा पुरावा आहे, आणि पोटाला धोका आहे. स्वयंपाकघरापुरतं ते अगदी बरोबर आहे.

आता हेच तांबं छपरावर न्या. युरोप-अमेरिकेतल्या नगरभवनांचे, संसदभवनांचे फोटो आठवून बघा. दगडी भिंती आणि वर फिकट हिरवं छप्पर. तिथला माणूस तो हिरवा रंग बघून म्हणतो, वा, काय जुनी वास्तू आहे! तोच धातू, पण आपण घासून काढतो आणि ते जपून ठेवतात. या दोन नजरांमध्ये कुठेतरी आजच्या व्याख्यानाचा विषय दडलेला आहे.

उदाहरण म्हणून एकच इमारत धरू: कॅनडाच्या संसदेचं ग्रंथालय. हे ओटावा शहरात आहे. ओटावा नदीच्या काठी एक उंच कडा आहे, त्याला पार्लमेंट हिल म्हणतात. तिथे संसदेची मुख्य इमारत, तिच्या दोन्ही बाजूंना दोन इमारती, आणि मुख्य इमारतीच्या मागे, अगदी नदीच्या बाजूला, हे गोलाकार ग्रंथालय. गोल म्हटलं तरी त्याला सोळा बाजू आहेत, भोवती दगडी धिरे आहेत, आणि वर टप्प्याटप्प्याने चढत जाणारं छप्पर, त्याच्या टोकाला कंदिलासारखा काचेचा मनोरा. थॉमस फुलर आणि चिलियन जोन्स हे त्याचे वास्तुकार.

ग्रंथालय मुख्य इमारतीपासून असं सुटं का ठेवलं? याचं उत्तर आगीत आहे. कॅनडा हे संघराज्य १८६७ साली झालं, पण त्याआधीही तिथे प्रांतिक संसद होती. ती १८४९ साली माँट्रियलला भरत असे. त्या वर्षी दंगेखोर जमावाने संसदेची इमारतच पेटवून दिली. ग्रंथसंग्रह जवळजवळ सगळा गेला. संग्रह पुन्हा उभा केला, संसद क्वेबेक शहरात गेली, आणि १८५४ साली तिथेही आग लागली. पुन्हा निम्म्याच्या आसपास पुस्तकं गेली. आता विचार करा, अशा संग्रहाच्या ग्रंथपालाला रात्री झोप कशी लागत असेल! आल्फियस टॉड हे ते ग्रंथपाल. ओटावाला नवी इमारत होणार म्हटल्यावर त्यांचा आग्रह होता, की ग्रंथालय वेगळं हवं, मुख्य इमारतीला फक्त एका बोळाने जोडलेलं, आणि त्या बोळात लोखंडी दारं.

त्या दारांचं पुढे काय झालं, ते आधी सांगून टाकतो. ३ फेब्रुवारी १९१६ च्या रात्री मुख्य इमारतीला आग लागली. सात माणसं मेली, इमारत जळून गेली. पण कोनली मॅककॉर्मॅक नावाच्या ग्रंथालयातल्या अधिकाऱ्याने लोखंडी दारं लावून घ्यायला सांगितलं, आणि ग्रंथालय वाचलं. टॉड जाऊन तेव्हा तीस वर्षं उलटली होती. आज मुख्य इमारत दिसते ती आगीनंतरची आहे. १९१६ च्या आधीचं जे त्या जागी उरलं, ते मुख्यतः हे ग्रंथालय.

म्हणजे आगीचा बंदोबस्त झाला. पण पुस्तकांना दुसरा शत्रू असतोच, पाणी. आणि तिथे छप्पर येतं.

ग्रंथालय १८७६ साली उघडलं. एवढा मोठा घुमट उभा करायचं तंत्र तिथल्या बांधकाम करणाऱ्यांकडे नव्हतं, म्हणून लोखंडी सांगाडा इंग्लंडमधून, मँचेस्टरच्या फेअरबेर्न कंपनीकडून तयार करून आणला. त्या सांगाड्यावरचं आच्छादन मात्र तांब्याचं नव्हतं, बरं का. ते होतं स्लेटचं, म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा जो दगड, त्याच्या पातळ कापांचं. बारा वर्षांनी, १८८८ साली, टोर्नेडोचं वादळ पार्लमेंट हिलवरून गेलं आणि त्याने छपरावरच्या स्लेट उपटून नेल्या. त्यानंतर तांबं आलं.

इथे क्षणभर थांबू या. ज्या हिरव्या छपराला लोक या इमारतीची ओळख म्हणतात, ते मुळात एका दुरुस्तीतून आलेलं आहे. फुलर आणि जोन्स यांनी ते रेखाटलंच नव्हतं. मग ‘मूळ रूप परत आणा’ असं कुणी म्हटलं, तर त्याने कुठलं मूळ धरायचं? १८७६ ची स्लेट? १८८८ नंतरचं चकचकीत लालसर तांबं? की पुढे आलेला हिरवा रंग?

याचं उत्तर शोधायला आधी तांबं काय करतं ते बघावं लागतं.

छपरासाठी वापरायचा तांब्याचा पत्रा साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. एक चौरस मीटर पत्रा पाच-सहा किलो भरतो, स्लेट याच्या कितीतरी पट जड. म्हणून उंच, निमुळत्या, वादळात सापडणाऱ्या छपराला तांबं सोयीचं. नवा पत्रा चकाकतो, पण काही आठवड्यांतच मंद होतो, मग तपकिरी. ही हवेतल्या ऑक्सिजनची करामत. पुढे तो गडद, जवळजवळ चॉकलेटी होतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. हिरवा रंग अगदी शेवटी येतो. पाऊस, धुकं, दव यांचं पाणी आणि हवेतला गंधक मिळून तांब्याचा एक हिरवा क्षार तयार होतो, त्याला ब्रोकँटाइट म्हणतात. समुद्राजवळ मिठामुळे वेगळा क्षार होतो, पण रंग हिरवाच. ओटावासारख्या ठिकाणी या सगळ्याला तीसएक वर्षं लागतात असं धरतात. उतार जितका कमी तितका रंग लवकर येतो, कारण पाणी जास्त वेळ थांबतं. उभ्या भागावर उशिरा.

हा थर स्वयंपाकघरातल्या कळंकासारखा नाही. तिथे ताकातलं, चिंचेतलं आम्ल तांब्याला सोडवून अन्नात आणतं. छपरावरचा हिरवा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूची झीज फार सावकाश होऊ देतो. तो घासलात तर दरवेळी नवं तांबं उघडं पडेल आणि पत्रा लवकर संपेल. थोडक्यात, आजीची सूचना छपराला लावायची नाही.

आणि ही समजूत पाश्चात्त्यांनाही जन्मजात नव्हती. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ साली उभा राहिला, तो तांब्याच्या पत्र्याचाच आहे. पहिली काही वर्षं तो तपकिरी होता. १९०६ च्या सुमारास तो पूर्ण हिरवा झाला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलं, हा गंज आहे! काँग्रेसने दुरुस्तीसाठी आणि आतून-बाहेरून रंग देण्यासाठी ६२,८०० डॉलर मंजूर केले. लोकांनी बाहेरून रंग द्यायला जोरदार विरोध केला. मग सैन्याच्या अभियंत्यांनी तपासलं आणि सांगितलं, की हा थर तांब्याचं रक्षण करतोय. शेवटी रंग फक्त आतून दिला. वीस वर्षांत लोकांचा जीव त्या हिरव्या रंगावर जडला होता.

आता एक गोष्ट, जी आम्हाला स्वतःला ही तयारी करताना जरा टोचली. हा हिरवा रंग गंधकातून येतो म्हटलं. एकोणिसाव्या शतकातल्या शहरात गंधक कुठून आला? घराघरांतल्या शेगड्या, कारखाने, आगगाड्या, सगळीकडे जळणाऱ्या कोळशातून. तोच धूर लोकांच्या छातीत जात होता, दगडी भिंती काळ्या करत होता, आणि छपरं हिरवी करत होता. ज्या रंगाला आपण वारसा म्हणून मिरवतो त्यात त्या धुराचा मोठा वाटा आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उत्तर अमेरिकेतल्या हवेतला गंधक खूप कमी झाला. १९९१ साली कॅनडा आणि अमेरिका यांच्यात हवेच्या गुणवत्तेचा करार झाला, तो मुख्यतः आम्लपावसासाठी. त्याचा एक परिणाम असा, की आज घातलेलं तांबं हिरवं व्हायला जुन्या तांब्यापेक्षा जास्त काळ लागू शकतो. म्हणजे छप्पर उशिरा हिरवं होत असेल, तर ती चांगली बातमी आहे.

बरं, तांबं इतकं टिकाऊ आहे, मग ते बदलावं का लागतं? हा प्रश्न नेहमी येतो. गंमत अशी, की तांब्याचं छप्पर पत्र्याच्या मध्यभागी क्वचित मरतं. ते मरतं सांध्यांत.

एक साधा हिशेब करू. ओटावाच्या हिवाळ्यात तापमान उणे तीस अंशांपर्यंत जातं. उन्हाळ्यात उन्हात तापलेला पत्रा साठ-सत्तर अंशांना पोचतो. म्हणजे वर्षभरात शंभर अंशांचा फरक. तीन मीटर लांबीचा पत्रा एवढ्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर लांब-आखूड होतो. दरवर्षी, आणि लहान प्रमाणात रोज दिवस-रात्र. म्हणून जाणता कारागीर पत्र्यातून आरपार खिळा मारत नाही. तो शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा एकत्र दुमडून उभी घडी करतो, आणि त्या घडीत तांब्याच्याच लहान पट्ट्या अडकवून त्या खालच्या लाकडी फळ्यांना ठोकतो. पत्रा धरलेला असतो, पण हलायला मोकळा असतो. जिथे घाईने कथील-शिशाने झाळून सांधा ताठ केला, तिथे काही वर्षांनी चीर पडते. पन्हळीत बर्फ साचून पाणी उलटं वर चढतं आणि घडीतून आत शिरतं. फळ्या कुजल्या की पट्ट्यांचे खिळे सुटतात. आणि मग एखाद्या वादळात कडा उचलली जाते.

दुसरा शत्रू म्हणजे लोखंड. तांबं आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना टेकले की त्यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि लोखंड झपाट्याने गंजतं. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यात हेच झालं. आतल्या लोखंडी पट्ट्या आणि तांबं यांच्यामध्ये घातलेला वेगळेपणाचा थर झिजून गेला. गंज फुगला आणि त्याने तांब्यातले रिव्हेट उपटले. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या काढून पोलादाच्या न गंजणाऱ्या जातीच्या बसवल्या. बाहेरून बघणाऱ्याला हा रोग दिसत नव्हता. बाहेर सगळं छान हिरवं होतं. आपल्या ग्रंथालयाच्या घुमटाचा सांगाडाही लोखंडीच आहे, हे लक्षात ठेवा.

आता पुन्हा ओटावाला येऊ. १९५२ साली ग्रंथालयाच्या वरच्या काचेच्या मनोऱ्यात विजेमुळे आग लागली. ती विझवली, पण धूर आणि विझवताना ओतलेलं पाणी यांनी आतलं फार नुकसान केलं. आतल्या भिंतींवर कोरीव काम केलेलं पाइनचं लाकूड आहे, ते सोडवून साफसफाईसाठी आणि आगीपासून संरक्षणाचा लेप देण्यासाठी माँट्रियलला पाठवावं लागलं. लाकडी नक्षीची जमीन काढून तशीच नवी करावी लागली. टॉड यांची दारं समोरून येणाऱ्या आगीसाठी होती. ही आग वरून आली.

त्यानंतरचं मोठं काम झालं २००२ ते २००६ मध्ये. चार वर्षं ग्रंथालय बंद होतं. दगडकाम, लोखंडकाम, खिडक्या, आतलं लाकूड, सगळं हाती घेतलं. जागा कमी पडत होती म्हणून खालचा खडक खोदून तळघर वाढवलं. आणि छपरावरचं तांबं नव्याने घातलं.

अशा वेळी पर्याय कोणते असतात ते बघा. पहिला, जुन्या पत्र्यांना ठिगळं लावायची. नुकसान थोडं असेल तर हाच उत्तम, कारण जुना माल टिकतो. पण खालच्या फळ्याच गेल्या असतील, सांधे ठिकठिकाणी सुटले असतील, तर ठिगळ म्हणजे नुसती मनाची समजूत. दुसरा, दुसरीकडचं जुनं हिरवं तांबं आणून बसवायचं. हे कल्पनेतलं नाही. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला ठिगळं लावताना न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेच्या छपराचं जुनं तांबं घेतलं होतं, कारण त्याचा रंग जुळत होता. त्या बदल्यात प्रयोगशाळेला पुतळ्याचे काही जुने तुकडे अभ्यासाला मिळाले. पुतळ्याच्या ठिगळांना हे पुरतं, अख्ख्या छपराला पुरेल एवढं तांबं कुणाचं काढणार? तिसरा पर्याय, रसायनं लावून नवा पत्रा कारखान्यातच हिरवा करायचा. असे पत्रे बाजारात मिळतात. आणि चौथा, नवं तांबं घालायचं आणि गप्प बसायचं.

ओटावाच्या ग्रंथालयावर नवं तांबं आलं, आणि ते तपकिरी होतं. मागे मुख्य इमारतीची हिरवी छपरं आणि मध्ये हे तपकिरी. नदीच्या पलीकडून बघितलं की फरक चटकन डोळ्यात भरतो. पोस्टकार्डांची सवय झालेल्या माणसाला पहिल्यांदा वाटणारच, की यांनी काहीतरी बिघडवलं.

आम्हाला मात्र वाटतं, की हेच बरोबर आहे. १९६४ साली व्हेनिसमध्ये वास्तुसंवर्धनाची जी सनद तयार झाली, तिच्यातली दोन तत्त्वं इथे लागू पडतात. एक असं, की इमारतीत वेगवेगळ्या काळांनी घातलेली योग्य भर मान्य करावी, सगळं खरवडून एकाच काळात नेऊ नये. म्हणजे १८८८ नंतरचं तांबं हाही इमारतीचा इतिहासच, स्लेटकडे परत जायची गरज नाही. दुसरं असं, की नवा भाग एकूण इमारतीशी जुळावा, पण तो नवा आहे हे कळावं, इतिहासाची फसवणूक होऊ नये. तपकिरी छप्पर स्वतःबद्दल खरं सांगतं: मी नुकतं आलोय.

कारखान्यातून हिरवा करून आणलेला पत्रा पहिल्याच दिवशी शंभर वर्षांचा असल्याचं सांगतो. दिसायला तो चुकीचा नाही, आणि एखाद-दुसऱ्या ठिगळासाठी आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण अख्ख्या छपराला तसं केलं, की आपण लोकांना शिकवतो, की जुनेपणा विकत मिळतो. आणि मग खर्चाची ओढ रंगाकडे जाते. फळ्या, पट्ट्या, पन्हळी, हवा खेळायची जागा, या कुणाला न दिसणाऱ्या गोष्टींवर कात्री लागते. पुस्तकं कोरडी राहतात ती मात्र त्यांच्यामुळेच.

एक धोका सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दुरुस्तीचा काळ हाच जुन्या छपराचा सगळ्यात नाजूक काळ असतो. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसचं नोत्र दाम जळलं तेव्हा तिथे दुरुस्तीचं काम चालू होतं. १६ एप्रिल २०२४ ला कोपनहेगनची सतराव्या शतकातली बोर्सन ही इमारत, जुना शेअरबाजार, पेटली. तिच्यावर तांब्याचं छप्पर होतं, आणि तिचंही काम चालू होतं. चार ड्रॅगनांच्या गुंफलेल्या शेपट्यांचा तिचा उंच मनोरा कोसळला. आत जाऊन लोक चित्रं उचलून बाहेर आणत होते. पत्र्याखाली जुनी, वाळलेली लाकडं असतात, परांची बांधलेली असते, कामाची गडबड असते. दुरुस्ती म्हटलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. तो काम संपल्यावर सोडावा.

शेवटी हिशेब मांडू. २००६ साली पूर्ण झालेलं छप्पर, तीस वर्षं धरली, तर २०३६ च्या आसपास हिरवं दिसायला लागेल. हवा आणखी स्वच्छ झाली तर आणखी उशिरा. हे काम ज्यांनी मंजूर केलं, ज्यांनी मचाणावर उभं राहून घड्या दुमडल्या, त्यांतल्या अनेकांना तो रंग बघायला मिळणार नाही. टॉड यांनाही त्यांची दारं बंद झालेली बघायला मिळाली नाहीत.

आपल्याकडेही जुन्या कचेऱ्या, नगरपालिका, वाडे, ग्रंथालयं यांच्या दुरुस्तीचे फलक लागतात. त्या कामाची पाहणी करायची वेळ आली, तर आमची एवढीच विनंती आहे. दर्शनी भागाला कुठला रंग दिला, हे विचारण्याआधी छपराखालच्या फळ्या बघितल्या का, पाणी कुठून जातं, आणि काम चालू असताना आगीसाठी रात्री पहाऱ्याला कोण आहे, हे तीन प्रश्न विचारा. ही उत्तरं नीट मिळाली तर रंगाची काळजी करू नका. तो ज्याच्या त्याच्या वेळेला येईल.